चाक रुंद करताना

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातली जमीन काळी आणि खोल. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. अशा जमिनीतून कापूस, तूर, ज्वारी बाजारात आणायची तर पहिला प्रश्न चाकाचा पडतो. अरुंद चाक ओल्या रानात रुततं. फार रुंद चाक वळवायला जड जातं आणि कपाशीच्या ओळीत मावत नाही. लाकडी बैलगाडी, टायरची गाडी, ट्रॅक्टर, जीप अशी वाहनं या भागात एकामागून एक आली आणि प्रत्येकाने या प्रश्नाचं आपापलं उत्तर दिलं.

हाच प्रश्न १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या दणकट इंजिनांच्या गाड्यांपुढे उभा राहिला. मसल कार म्हणून आज जगभर जपल्या जाणाऱ्या त्या गाड्यांना कारखान्याने दिलेली चाकं इंजिनाच्या मानाने अरुंद होती. म्हणून तिथले मालक मूळ पोलादी चाकं कापून, मध्ये पट्टी घालून किंवा नवी रिम जोडून रुंद करून घेऊ लागले. आपल्याकडे तेच काम जुन्या जीपच्या बाबतीत होतं. विलीज किंवा महिंद्राची जुनी जीप हौसेने उभी करणारा माणूस रंगाइतकाच चाकांचा विचार करतो, आणि मूळ डिस्क ठेवून रिम रुंद करून मिळेल का, असं विचारत वेल्डिंगच्या दुकानात येतो.

काम वरवर सोपं दिसतं: कापा, पट्टी घाला, जोडा, घासा, रंग द्या. त्यामागचा हिशोब मात्र बारीक आहे. तो हिशोब कळला की चाक सुंदरही होतं आणि सुरक्षितही. नाही कळला तर बेअरिंग, स्टिअरिंग आणि शेवटी माणसं त्याची किंमत मोजतात.

धाव: आगीत वाढणारं, पाण्यात आवळणारं लोखंड

चाकाचं शास्त्र आपल्या गावांना नवं नाही. बैलगाडीचं चाक म्हणजे मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि आऱ्यांच्या टोकांवर गोलाई पूर्ण करणारे लाकडी तुकडे. हे सगळं घट्ट धरून ठेवते ती बाहेरची लोखंडी धाव. ती खिळ्यांच्या जोरावर बसत नाही, उष्णतेच्या जोरावर बसते.

लोहार धावेची पट्टी वाकवून तिचं कडं करतो तेव्हा ते चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवतो. कडं जमिनीवर आडवं ठेवून त्याभोवती गोवऱ्या रचतात आणि आग लावतात. लोखंड लाल झालं की तिघे-चौघे लांब चिमट्यांनी ते उचलून चाकावर टाकतात, चहूबाजूंनी घण घालून समतल बसवतात आणि लाकूड पेटायच्या आत घागरीने पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, आऱ्यांचे सांधे करकरतात आणि सैल असलेलं चाक एकसंध होतं.

किती आवळतं ते मोजता येतं. एक अंश सेल्सिअस तापमान वाढलं की लोखंड आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढतं. दीड मीटर व्यासाचं कडं ५०० अंशांनी तापलं तर त्याचा व्यास सुमारे ९ मिलिमीटरने वाढतो. निवताना तो तेवढाच कमी होऊ पाहतो आणि लाकूड मध्ये आल्यामुळे ती सगळी ओढ सांध्यांवर पडते. लोहाराला हा गुणांक ठाऊक नसेल, पण किती लहान कडं करायचं हे त्याच्या हाताला अचूक माहीत असतं. पोलादी रिम रुंद करताना लोखंडाची हीच ओढ आपल्यावर उलटते. त्याकडे पुढे येऊ.

रुंद चाक जमिनीला किती टेकतं?

धावेची रुंदी साधारण ५ सेंटिमीटर. भरलेल्या गाडीत एका चाकावर ५०० किलो भार धरला, तर कडक रस्त्यावर ही धाव जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांबीत टेकते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५० ते १०० किलोचा दाब. डांबरी रस्त्यावर चर पडायला एवढं पुरेसं आहे. ओल्या काळ्या मातीत ती एवढा भार पेलेल इतकी खाली जाईपर्यंत रुतत राहते.

हवेच्या टायरने हे चित्र पालटलं. हवा भरलेला टायर जमिनीवर साधारण तेवढाच दाब देतो जेवढा त्याच्या आतल्या हवेचा असतो. दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोच्या हवेवर तोच ५०० किलो भार सुमारे १६५ चौरस सेंटिमीटर जागेवर पसरतो. म्हणून टायरची गाडी आली तेव्हा त्याच बैलजोडीने जास्त माल ओढला. ऊसतोडीच्या टायरगाड्या आज दोन-अडीच टन ऊस वाहताना दिसतात त्या याच बळावर. ते ओझं बैलांच्या मानेवर आणि ब्रेक नसलेल्या उतारावर कसं पडतं, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. बंगळूरूच्या आयआयएमचे संस्थापक संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्याच्या कामाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९७२मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातही बैलचलित अवजारांवर संशोधन होत आलं आहे.

आता जरा चकवणारी गोष्ट. टायर रुंद केला की जमिनीला टेकणारी जागा वाढते, असं जवळपास प्रत्येक जण गृहीत धरतो. पण वरचाच हिशोब लावून पाहा. चाकावर ४०० किलो भार आहे आणि हवा दर चौरस सेंटिमीटरला २ किलो आहे. टेकणारी जागा साधारण २०० चौरस सेंटिमीटर येते. टायर १२ सेंटिमीटर रुंद असेल तर ती जागा सुमारे १७ सेंटिमीटर लांब असेल, १८ सेंटिमीटर रुंद असेल तर सुमारे ११ सेंटिमीटर. भार आणि हवा तीच असेल तर क्षेत्रफळ जवळपास तेच राहतं, बदलतो तो आकार. टायरच्या भिंतींच्या ताठपणामुळे थोडा फरक पडतो, पण मूळ नियम हाच.

मग रुंद टायर वळणावर चांगला का धरतो? आखूड आणि रुंद टेकणीमुळे वळताना रबर कमी पिळवटतं आणि टायर लवकर प्रतिसाद देतो. जास्त रबर असल्यामुळे उष्णता जास्त जागेत वाटली जाते आणि मऊ, चिकट रबर वापरता येतं. कोरड्या, कडक रस्त्यावर याचा खरा फायदा होतो. पावसाच्या पाण्यात तोच रुंद टायर पाणी बाजूला सारायला कमी पडतो आणि पाण्यावर तरंगू लागतो. चिखलात आणि सैल मातीत टायरची हवा कमी केल्याने टेकणी वाढते. ते काम नुसत्या रुंद रिमने होत नाही. सेलू ते पाथरी रस्त्यावर चालणाऱ्या आणि अधूनमधून रानात उतरणाऱ्या जीपच्या मालकाने रुंदी ठरवताना हे ध्यानात ठेवावं.

इंजिन मोठं, चाक अरुंद

पाँटिॲक कंपनीची जीटीओ ही गाडी १९६४च्या मॉडेलपासून आली. मसल कारच्या लाटेची सुरुवात अनेक जण तिच्यापासूनच मानतात. मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवायचं, ही तिची कल्पना. त्या काळच्या मोजणीनुसार ताकद ३२५ अश्वशक्ती. चाकं मात्र १४ इंच व्यासाची आणि रिम ६ इंच रुंद. त्यावर आडव्यातिडव्या नायलॉन धाग्यांचे त्या काळचे टायर. पेडल दाबलं की मागची चाकं जागीच गरगरायची आणि रबराचा धूर निघायचा. इंजिनात ताकद होती, ती रस्त्यापर्यंत पोचत नव्हती.

आज अशी गाडी जपणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे बाजारातली नवी मोठी चाकं घ्यायची. त्याने पकड मिळते, पण गाडीचा चेहरा जातो. दुसरी वाट मूळ चाकच रुंद करायची. मूळ पोलादी चाकाच्या मध्यभागाला कारखान्याचा आकार असतो. त्यावर बसणारी टोपी आणि बाहेरच्या कडेवर बसणारी चकचकीत कडी त्याच मापाची असते. अनेक चाकांवर कारखान्याने ठोकलेली खूण आणि तारखेची अक्षरं असतात. जाणकार माणूस गाडी अस्सल आहे की नाही ते त्यावरून ओळखतो. म्हणून चांगला कारागीर चाकाची दर्शनी बाजू, टोपीची जागा आणि ठोकलेली अक्षरं जशीच्या तशी ठेवतो आणि रुंदी मागच्या बाजूला, म्हणजे आत वाढवतो. गाडी बाहेरून कारखान्यातून निघाल्यासारखी दिसते, पण तिच्या खाली दोन इंच जास्त रबर असतं.

जीपची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही. महिंद्राने १९४७मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपचं मूळ चाक १६ इंच व्यासाचं, रिम अवघी साडेचार इंच रुंद आणि टायर ६.००-१६. पाच बोल्ट साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर. लष्करी कामासाठी, कमी वेगासाठी आणि चिखल कापत खालच्या टणक थरापर्यंत जाण्यासाठी हे अरुंद चाक योग्यच होतं. पुढे महिंद्राच्याच कमांडरसारख्या जीपनी मराठवाड्याच्या रस्त्यांवर माणसं वाहिली. आज तीच जुनी जीप डांबरी रस्त्यावर ७०-८०च्या वेगाने चालवायची असेल तर मालकाला थोडी जास्त रुंदी हवीशी वाटते. त्याची ही मागणी रास्त आहे.

आत की बाहेर?

आपण या विषयाच्या गाभ्याशी आलो. चाक किती रुंद केलं यापेक्षा ती रुंदी कोणत्या बाजूला वाढवली, यावर गाडीचं वागणं ठरतं.

चाकाचे दोन भाग असतात. मधली डिस्क हबला बोल्टने बसते आणि भोवतालची रिम टायर धरते. हबला टेकणाऱ्या डिस्कच्या पृष्ठभागापासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर हे पहिलं महत्त्वाचं माप. त्याच पृष्ठभागापासून रिमच्या मध्यरेषेपर्यंतचं अंतर हे दुसरं. कारखाना दुसऱ्या मापाला ऑफसेट म्हणतो आणि मिलिमीटरमध्ये देतो.

जीपची साडेचार इंची रिम सात इंची करायची, म्हणजे अडीच इंच वाढवायचे. सगळे अडीच इंच बाहेरच्या बाजूला घातले तर आतलं माप तेच राहतं आणि आत काही घासत नाही. पण रिमची मध्यरेषा सव्वा इंच, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर बाहेर सरकते. दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मध्यरेषांमधलं अंतर अडीच इंचांनी वाढतं, टायर मडगार्डच्या बाहेर येतो आणि चिखल दारावर उडतो. सगळे अडीच इंच आत घातले तर मध्यरेषा तेवढीच आत येते आणि टायर कमानपाट्याला, ब्रेकच्या नळीला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला लागू शकतो. निम्मे आत, निम्मे बाहेर घातले तर मध्यरेषा जागेवर राहते. आत सव्वा इंच मोकळं असेल तर हा उपाय सर्वांत सुरक्षित.

मध्यरेषेचं एवढं महत्त्व का? पुढच्या हबमध्ये सहसा दोन बेअरिंग असतात, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान. कारखान्याने चाक अशा जागी ठेवलेलं असतं की बहुतेक भार मोठ्या बेअरिंगजवळ पडावा. मध्यरेषा बाहेर सरकली की भार लहान बेअरिंगकडे जातो आणि ते लवकर उडतं. त्याशिवाय स्टिअरिंग ज्या अक्षाभोवती फिरतं त्या अक्षापासून टायरची टेकणी दूर जाते. मग एका चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंग हातातून हिसका देतं आणि ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. जुन्या जीपमध्ये पॉवर स्टिअरिंग नसतं, त्यामुळे हा हिसका थेट मनगटात येतो.

सेलूच्या शेतकऱ्याला हे तत्त्व ट्रॅक्टरमुळे माहीत आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात डिस्क आणि रिम वेगवेगळ्या असून बोल्टने जोडलेल्या असतात. डिस्क उलटी केली, रिम उलटी केली किंवा डावं चाक उजवीकडे लावलं की दोन चाकांमधलं अंतर टप्प्याटप्प्याने बदलतं. कपाशीच्या दोन ओळींतलं अंतर पाहून शेतकरी ते लावून घेतो. रिम तीच, टायर तोच, फक्त मध्यरेषा सरकली. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियाचे हौशी तरुण मोटारीची डिस्क रिममधून काढून, रिम उलटी करून पुन्हा जोडत तेव्हा तेही हेच करत होते. फरक एवढाच की ट्रॅक्टरचा हब आणि आस हा बदल पेलण्यासाठी बनवलेले असतात, मोटारीचे नसतात.

चाकाची रुंदी आणि चाकांमधलं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचं मोठं उदाहरण सेलूच्या रेल्वे स्थानकावरून जातं. निजामाच्या काळात सिकंदराबाद ते मनमाड टाकलेला मार्ग मीटर गेजचा, म्हणजे १००० मिलिमीटर रुंदीचा होता. सेलूवरून जाणारा त्याचा भाग १९९०च्या दशकात १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉड गेजमध्ये बदलला. रुळांतलं अंतर ६७६ मिलिमीटरने वाढलं, पण रुळावर टेकणाऱ्या चाकाची रुंदी त्यासाठी वाढवावी लागली नाही. जुने डबे मात्र नव्या रुळांवर चालणं शक्य नव्हतं. मध्यरेषा हलली की तिला जोडलेलं सगळं नव्याने जुळवावं लागतं, हा धडा मोटारीलाही लागू होतो.

कापायचं कुठे, जोडायचं कसं

मूळ चाक रुंद करण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत.

पहिलीत रिमची एक कड, आतली किंवा बाहेरची, कापून काढतात आणि तिच्या जागी तयार केलेली रुंद कड जोडतात. दुसरीत रिम गोलाईत उभी कापून दोन भागांमध्ये पट्टी घालतात. तिसरीत जुन्या डिस्क आणि रिममधला सांधा, मग तो वेल्डिंगचा असो वा रिव्हेटचा, काळजीपूर्वक काढून मूळ डिस्क नव्या, कारखान्यात बनलेल्या रुंद रिममध्ये बसवतात. तिसरी रीत खर्चिक आहे, पण सर्वांत भरवशाची. टायर धरणारा पूर्ण गोल एकसंध असतो आणि जोड फक्त डिस्कच्या कडेला येतो. मात्र रिमवर कारखान्याची अक्षरं असतील तर ती या रीतीत जातात. अक्षरं जपायची असतील तर दर्शनी अर्ध ठेवून मागच्या बाजूला पट्टी घालणं हाच मार्ग उरतो.

काहीही करा, रिमच्या दोन जागांना हात लावायचा नाही. टायरची बीड, म्हणजे आत तार असलेली कड, जिथे बसते ती किंचित उतरती जागा ही पहिली. तिथे वेल्डिंगचा उंचवटा आला तर टायर नीट बसत नाही आणि हवा गळते. दुसरी म्हणजे मधली खोल खाच. टायर चढवताना बीडची एक बाजू या खाचेत उतरते म्हणून दुसरी बाजू कडेवरून येऊ शकते. खाच भरली किंवा उथळ झाली तर टायर चढणारच नाही, आणि जबरदस्तीने चढवला तर बीडची तार तुटेल.

आता धावेकडे परत जाऊ. लोखंड निवताना आवळतं, हा गुण लोहाराने कामाला लावला. रिममध्ये तोच गुण घात करतो. रिमचा पत्रा अडीच-तीन मिलिमीटरचा. एका जागेपासून सुरुवात करून सलग गोल वेल्डिंग मारलं तर ज्या बाजूला आधी उष्णता गेली ती बाजू आधी आवळते आणि गोल रिम अंडाकृती होते किंवा एका बाजूला झुकते. म्हणून कुशल वेल्डर आधी समोरासमोर चार ठिकाणी टाके देतो, मग त्यांच्या मधोमध आणखी चार, मग आलटूनपालटून समोरासमोर छोटे छोटे तुकडे भरत जातो. दर तुकड्यानंतर थांबतो, मोजतो. आणि निववण्यासाठी पाणी ओतत नाही. धावेवर पाणी ओतणं हीच करामत होती, रिमवर पाणी ओतणं ही चूक ठरते. पोलाद झटकन थंड झालं की सांध्याजवळचा भाग ठिसूळ होतो आणि खड्ड्यात आदळल्यावर तिथेच तडा जातो.

मोजायचं कसं? चाक हबवर किंवा लेथवर बसवून डायल गेजची टोचणी बीडच्या जागेवर टेकवायची आणि चाक हळू फिरवायचं. काटा वर-खाली किती हलतो यावरून गोलाई कळते, आत-बाहेर किती हलतो यावरून सरळपणा. दोन्हीत फरक एक मिलिमीटरच्या आत असावा. त्यानंतर टायर चढवून बॅलन्सिंग. रिमवर फक्त २० ग्रॅमचा असमतोल राहिला तर जीपच्या आकाराचं चाक ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला जवळपास दहा वेळा फिरताना तो दर फेरीला सुमारे दीड किलोचा धक्का देतो. स्टिअरिंग थरथरतं ते यामुळे. शेवटी हवा भरून सांध्यावर साबणाचं पाणी लावायचं. एकही बुडबुडा येता कामा नये.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण ट्रॅक्टरच्या रिमला तडा गेला की आपल्याकडे ती टायरसकट वेल्डिंगला आणली जाते. टायर चढवलेला असताना रिमवर कधीही वेल्डिंग करू नये, हवा सोडलेली असली तरीही. तापलेलं रबर जळाऊ वायू सोडतं. बंदिस्त टायरमध्ये तो वायू साचून पेट घेतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. समोरच्या माणसाच्या वाचण्याची शक्यता फार कमी असते. टायर पूर्ण उतरवायचा, मगच रिमला हात लावायचा. या नियमाला एकही अपवाद नाही.

टायरची निवड

रिम रुंद केल्यावर जुना टायर तिच्यावर ताणून बसवण्याचा मोह होतो. रिमची रुंदी अर्धा इंच वाढली की टायरची रुंदी साधारण ५ मिलिमीटर वाढते, पण त्याला मर्यादा आहे. प्रत्येक टायरला किती रुंदीची रिम चालते ते कंपनी छापून देते. जीपचा ६.००-१६ टायर सात इंची रिमवर चढवणं धोक्याचं आहे. त्याच्या भिंती ताणल्या जातात आणि बीड कधीही निसटू शकते. सात इंची रिमवर २३५/७० आर १६ हा टायर बसतो. त्याला ६ ते ८ इंचांची रिम चालते आणि त्याची उंची सुमारे ७३५ मिलिमीटर, म्हणजे जुन्या टायरएवढीच येते. उंची तीच राहिल्यामुळे स्पीडोमीटर खोटं सांगत नाही आणि गिअरवरचा भारही बदलत नाही.

रिमच्या रुंदीचंही एक माप आहे जे हमखास चुकतं. रुंदी बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजायची नसते. बीड टेकते तिथल्या दोन आतल्या भिंतींमधलं अंतर मोजायचं. बाहेरून मोजलं तर माप जवळपास एक इंच जास्त येतं. सात इंची म्हणून विकत घेतलेली रिम सहा इंची निघाल्याच्या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ने वाहनात करायच्या बदलांवर बंधन घातलं आहे. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. म्हणून मडगार्डबाहेर दोन-दोन इंच येणारी चाकं हौसेखातर लावण्याआधी आरटीओकडे विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. अपघातानंतर दावा अडकतो तो अशाच न कळवलेल्या बदलांवर.

जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१मध्ये स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेलं, मूळ रूपात राखलेलं दुचाकी किंवा चारचाकी वाहन विंटेज म्हणून नोंदवता येतं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. चाकांचं काम करताना अशा गाडीचे जुने भाग फेकू नयेत. कापलेली कड, मूळ बोल्ट, टोप्या जपून ठेवाव्यात. पुढे कुणाला गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची असेल तर तो मार्ग खुला राहतो.

चार आकडे

हे काम करायचं तर पुण्या-मुंबईलाच जावं लागतं, असं मला वाटत नाही. सेलू, मानवत, जिंतूर, पाथरी या गावांत ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करणारे वेल्डर आहेत, लेथवर हब वळवणारे कारागीर आहेत, आयटीआयमधून शिकून आलेली मुलं आहेत. धाव चढवणाऱ्या लोहाराचा हात याच भागातला. उणीव असेल तर ती मोजण्याच्या शिस्तीची. डायल गेज फार महाग नसतं आणि ते वापरायला तासाभरात शिकता येतं. त्या एका साधनाने रिमचं काम अंदाजातून बाहेर येतं.

गाडीच्या मालकाने कामाआधी चार आकडे कागदावर लिहून द्यावेत: बीडपासून बीडपर्यंत हवी असलेली रुंदी, हबच्या पृष्ठभागापासून आतल्या कडेचं अंतर, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास आणि जो टायर चढवायचा त्याचं पूर्ण माप. हे आकडे ठरवण्यासाठी गाडी जॅकवर घेऊन, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, चाक वर-खाली करून आत किती जागा मोकळी आहे ते पट्टीने पाहावं लागतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. रुंदी आत घालायची की बाहेर, हे त्या अर्ध्या दिवसातच ठरतं, आणि एकदा रिम कापली की ते बदलता येत नाही. जो कारागीर कापण्याआधी हे चार आकडे मागतो त्याच्याकडे चाक निर्धास्त सोपवावं. जो न विचारताच ग्राइंडर उचलतो त्याच्याकडून चाक परत घेऊन यावं.